देव बंद नव्हता, मंडळ बंद होतं

वाचकाचं पत्र:

‘माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. बोलतो, पण मोजकं. घरी आई, तीही आता सत्तरीपुढची. आमच्या उपासना मंडळात तो लहानपणापासून येतो. साप्ताहिक प्रार्थनेला दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातात पुस्तक द्यायचं, हे त्याचं काम. कोविडमध्ये सगळं बंद झालं. मंडळाने मोबाइलवर दीड तासाची प्रार्थना सुरू केली. हा दोन मिनिटं बघायचा आणि मोबाइल उपडा ठेवायचा. पण त्या दिवशी सकाळी न चुकता आंघोळ करून, ठरलेला शर्ट घालून दाराशी बसायचा. “देव बंद आहे का?” असं विचारायचा. आई “हो” म्हणायची, मी “नाही” म्हणायचे.

मंडळातल्या एका काकांनीच काय ती आठवण ठेवली. ते दर आठवड्याला प्रार्थनेच्या वेळी फोन करायचे, त्याचं नाव घेऊन हजेरी घ्यायचे. हा “हजर!” म्हणून ओरडायचा. मग दोघं मिळून एक प्रार्थना म्हणायचे, की झालं.

मंडळ पुन्हा सुरू झालं तेव्हा पुस्तकं टेबलावर मांडलेली होती आणि वर पाटी, “ज्याने त्याने घ्यावे”. त्याचं काम गेलं ते गेलंच. गेलं वर्षभर तो गप्प गप्प असतो, प्रार्थनेला यायची टाळाटाळ करतो. आता मंडळ पुढच्या संकटासाठी आराखडा करतंय आणि “विशेष व्यक्तींसाठी काय करावं” हे प्रकरण माझ्या गळ्यात आलंय. बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, “या लेकरांना देवच सांभाळतो, त्यांना वेगळं काय लागतं?” मला राग आला, पण बोलले नाही. काय लिहू? आणि जे मंडळ त्याला विसरलं, त्याच्याशी त्याला बांधून ठेवणं बरोबर आहे का?’

– एक मोठी बहीण

ताई,

तुमचा धर्म, पंथ कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. 2020 साली दारं सगळ्यांचीच लागली होती, आणि ठरलेला शर्ट घालून वाट बघत बसलेलं कुणी ना कुणी सगळीकडेच होतं.

आधी त्या ज्येष्ठांचं बघू. त्यांचं बोलणं अनुत्तरित राहिलं, तर तुम्ही कितीही चांगलं लिहा, ते फायलीत जाईल. ते वाईट हेतूने बोलले असतील असं मला वाटत नाही. पण ‘देव सांभाळतो’ म्हटलं की ऐकणाऱ्यांना ‘चला, आपण सुटलो’ असं वाटतं, आणि ते त्यांना हवंच असतं. त्यांना कोविडमध्ये काय झालं ते सांगा. ब्रिटनमध्ये 80 लाखांहून जास्त प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासून केलेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. वय, वजन, इतर आजार हे सगळं हिशेबात धरूनही डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दहापट निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांचे आकडे दिले. 18 ते 34 या वयोगटात त्यांच्या कोविडने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या 30 पट होतं. तुमचा भाऊ तेव्हा याच वयोगटात होता.

याची काही कारणं शरीरातच असतात: जन्मजात हृदयदोष, अरुंद श्वासमार्ग, प्रतिकारशक्तीतला फरक. बाकीची कारणं माणसांनी तयार केलेली. दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून उशिरा लक्षात येतं, लक्षात आलं तरी दवाखान्यात न्यायला कुणी नसतं, आणि नेल्यावर ‘हा असाच असतो’ म्हणून तपासणी अर्धवट होते. शरीराचं डॉक्टर बघतील. या दुसऱ्या भागात मात्र मंडळाला करण्यासारखं पुष्कळ आहे. देव सांभाळतो यावर माझा वाद नाही. तो कुणाच्या हातून सांभाळणार, त्यांची नावं आणि फोन नंबर आराखड्यात यायला हवेत, एवढंच म्हणणं आहे.

आता काकांच्या फोनकडे वळते. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तो आहे आणि तुम्ही तो चार ओळींत उरकलाय. माझ्या मते तुमचं प्रकरण तिथूनच सुरू व्हायला हवं.

काकांनी नेमकं काय केलं बघा. वेळ तीच ठेवली. आवाज ओळखीचा. आधी नाव घेतलं, मग उत्तरासाठी थांबले. भावाला करायला काहीतरी दिलं, नुसतं ऐकायला लावलं नाही. आणि लवकर संपवलं. विकासात्मक अक्षमता असलेल्या माणसाला, मग ते डाउन सिंड्रोम असो, स्वमग्नता (ऑटिझम) असो की सेरेब्रल पाल्सीसोबत आलेली बौद्धिक अक्षमता असो, आठवडा पुष्कळदा कळतो तो कॅलेंडरवरून नव्हे, ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या वेळी घडण्यावरून. त्यातली एक गोष्ट काकांनी शाबूत ठेवली. दीड तासाच्या प्रक्षेपणात यातलं काहीच नव्हतं. पडद्यावर पन्नास चौकोन, आवाज तुटतोय, भावाचं नाव कुणी घेत नाही, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्याच्या हातातून पुस्तक घ्यायला कुणी येत नाही. मोबाइल उपडा ठेवून त्याने त्या कार्यक्रमावर आपलं मत दिलं. ते मंडळाने ऐकायला हवं होतं.

म्हणून आराखड्यात पहिली गोष्ट ही लिहा: मंडळाशी जोडलेल्या अशा प्रत्येक व्यक्तीमागे दोन सभासद, नावानिशी. दोन, कारण एक आजारी पडू शकतो. त्यांनी आठवड्यातून एकदा, मंडळाच्या नेहमीच्या वेळी, फोन करायचा. ज्याला बोलता येत नाही त्यालाही करायचा. फोन कानाला लावल्यावर चेहरा बदलतो की नाही ते घरचे सांगतील. पडद्यावर काही करायचंच असेल तर पाच-सहा जणांचा छोटा गट, 15 ते 20 मिनिटं, दर वेळी तोच क्रम, सुरुवात करण्याचं काम त्यांच्यापैकीच कुणाकडे तरी. आणि ज्या घरात स्मार्टफोन नाही ते घर यादीतून आपोआप गळून पडणार नाही, याची जबाबदारी एका माणसावर टाका. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवावे’ असं लिहिलंत तर कुणीच ठेवणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

फोन, चिठ्ठ्या, खिडकीतून भेट हे सगळं कशासाठी, तर प्रत्यक्ष जमणं खरंच धोक्याचं असतं म्हणून. ‘आम्ही अंतर ठेवून जमू’ म्हणणारे मंडळात निघतीलच. त्यांना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाची गोष्ट सांगा. 10 मार्च 2020 ला चर्चच्या इमारतीत अडीच तासांची तालीम झाली. 61 जण होते, त्यांतल्या एकाला सर्दी-तापासारखी लक्षणं. त्याला धरून 53 जण आजारी पडले, दोघे दगावले. एकत्र मोठ्याने गाणं म्हणजे दर श्वासाला थेंब उडवणं, आणि आपल्या बहुतेकांच्या प्रार्थना गाऊनच होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 7 एप्रिल 2020 ला धार्मिक नेत्यांसाठी आणि श्रद्धा-समूहांसाठी म्हणून वेगळी मार्गदर्शक सूचना काढली होती. लोक सरकारचं ऐकणार नाहीत पण धर्मगुरूंचं ऐकतील, हे त्यांनाही माहीत होतं. तुमच्या मंडळाचा शब्दही तसाच वजनदार आहे, चांगल्याला आणि वाईटालाही.

आता ‘देव बंद आहे का?’ आई ‘हो’ म्हणाली, तुम्ही ‘नाही’ म्हणालात. दोघींची उत्तरं प्रेमाचीच, पण त्याच्या डोक्यात काय झालं असेल? ‘हो’ म्हटलं तर ज्याच्यावर भरवसा तोच बंद. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर मग मला का नेत नाही, मी काय केलं? त्याला तिसरी गोष्ट सांगायला हवी होती: खोली बंद आहे. कशामुळे बंद आहे. आणि खोली बंद असताना आपण काय करणार आहोत.

अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न मुलांसाठी ‘सोशल स्टोरी’ नावाची पद्धत आणली. अवघड प्रसंग त्या व्यक्तीच्याच तोंडून, छोट्या वाक्यांत, चित्रांसह सांगायचा. तुमच्या भावासाठी ती अशी होऊ शकते: ‘एक आजार पसरला आहे. माणसं जवळ आली की तो पसरतो. म्हणून प्रार्थनेची खोली बंद आहे. मी काही चूक केली नाही. देव आजारी नाही. मी घरी प्रार्थना करतो. काका फोन करतात. मी हजर म्हणतो. खोली कधी उघडणार ते अजून माहीत नाही. उघडली की ताई मला सांगेल.’ प्रत्येक वाक्याला एक फोटो: बंद दाराचा, काकांचा, फोनचा, तुमचा. कागद त्याच्या उंचीला भिंतीवर चिकटवायचा आणि रोज एकदा वाचायचा. ‘पुढच्या आठवड्यात उघडेल’ असं कधीही म्हणायचं नाही. पुढचा आठवडा येतो, दार उघडत नाही आणि माणसांच्या शब्दावरचा विश्वास जातो. आराखड्यासोबत असा कोरा कागद आणि मंडळातल्या माणसांचे फोटो आत्ताच तयार ठेवा. साथ सुरू झाल्यावर चित्रं शोधत बसायला कुणाला सवड नसते.

मृत्यूबद्दल बोलणं याहून नाजूक. साथीत मंडळातली माणसं जातात, आणि तेव्हा आपण सगळे मऊ बोलतो: ‘देवाघरी गेले’, ‘देवाने बोलावून घेतलं’, ‘शांत झोपले’. जो शब्दाचा सरळ अर्थ घेतो त्याला यातलं प्रत्येक वाक्य घाबरवू शकतं. झोपायला नको म्हणणारी, देवाच्या तसबिरीपासून लांब पळणारी माणसं मला कामाच्या निमित्ताने भेटली आहेत. आधी साधं सांगा: ते मरण पावले. त्यांचं शरीर थांबलं. ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत. हे पोचल्यावर मग तुमची श्रद्धा जे सांगते ते सांगा. आणि लपवू नका. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून अंत्यविधीपासून दूर ठेवलेली माणसं पुढे कित्येक महिने त्या गेलेल्या माणसाला शोधत राहतात.

दोन गोष्टी मंडळातल्या कुणीही त्याला म्हणू नयेत, आणि हे आराखड्यात शब्दशः लिहा. एक, साथ ही देवाची शिक्षा आहे. दुसरी दिसायला निरागस आहे, म्हणून जास्त घातक: ‘तू मनापासून प्रार्थना केलीस की आई बरी होईल.’ तो मनापासूनच करणार. आई बरी झाली नाही, तर दोष कुणाच्या माथी जाणार?

यानंतर तुमच्या प्रकरणाचा सगळ्यात अवघड भाग, जो बहुतेक आराखड्यांत नसतोच. आई आजारी पडली तर भाऊ कुठे राहणार?

मंडळाकडून हे एक मिळालं तर बाकी थोडं कमी झालं तरी चालेल, इतकं मी याला महत्त्व देते. साथीच्या रोगात काळजी घेणारी व्यक्तीच एकाएकी विलगीकरणात किंवा दवाखान्यात जाते, आणि मागे उरलेल्या माणसाची सोय रातोरात करायची वेळ येते. तुम्ही आहात, पण तुम्हीही त्याच वेळी आजारी असू शकता. मंडळातल्या दोन घरांनी आजच ‘आमच्याकडे आणा’ असं सांगायला हवं, आणि नुसतं सांगून भागणार नाही. चांगल्या दिवसांत भाऊ त्या घरी आधी एक दुपार राहायला जावा, मग एक रात्र, मग दोन रात्री. त्यांचं स्नानघर कुठे आहे हे त्याला माहीत हवं. तो कसा घास घेतो, रात्री किती वेळा उठतो, पोट दुखलं की काय करतो, कशाने चिडतो आणि कशाने निवळतो हे त्यांना माहीत हवं. अनोळखी घरात आईशिवाय, आणि तेही भीतीच्या वातावरणात, पहिली रात्र काढायची पाळी त्याच्यावर येऊ नये. मंडळं आपत्तीत रेशनची पाकिटं वाटतात, फोटो काढतात. चांगलंच आहे ते. पण एका माणसाला दोन रात्री घरी ठेवून घेणं पाकीट देण्यापेक्षा फार अवघड आहे, म्हणूनच ते ओळखीच्यांकडेच मागावं लागतं, आणि मंडळाइतकी जुनी ओळख दुसरीकडे कुठे असते?

त्या घरांकडे आणि तुमच्याकडे एक पानाचा कागद ठेवा, दवाखान्यात नेण्यासाठी. भावाचं नाव, वय, औषधं, ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं हे तर हवंच. पण वरच्या चार ओळी अशा हव्यात: तो कसा बोलतो, दुखलं तर कसं दाखवतो, सुई टोचताना काय केलं तर शांत राहतो, आणि एरवी तो काय काय करतो. शेवटचं मुद्दाम सांगतेय. साथीत खाटा आणि व्हेंटिलेटर कमी पडले की ‘कोणाला आधी’ हा प्रश्न येतो, आणि अनोळखी डॉक्टरला समोर फक्त एक न बोलणारा रुग्ण दिसतो. मार्च 2020 मध्ये इंग्लंडमधल्या एका अधिकृत मार्गदर्शिकेत अतिदक्षता विभागासाठी रुग्णाचा अशक्तपणा मोजायची पट्टी सुचवली होती. रोजच्या कामांत किती मदत लागते यावर ती मोजते. ज्याला जन्मापासूनच मदत लागते तो धडधाकट असूनही या पट्टीवर अशक्त ठरणार. संघटनांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच दुरुस्ती झाली: बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्यांना ही पट्टी लावू नये. अमेरिकेत अलाबामा राज्याच्या जुन्या आपत्कालीन आराखड्यात तर तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांना व्हेंटिलेटर नाकारण्याची तरतूदच होती. तक्रार झाली तेव्हा, एप्रिल 2020 मध्ये, ती मागे घेतली गेली. दोन्हीकडे बदल झाला तो कुणीतरी लगेच बोललं म्हणून. तेव्हा मंडळात कुणी डॉक्टर, वकील, अधिकारी असतील, तर त्यांची प्रार्थना ही: गरज पडली की फोन उचलायचा, पत्र लिहायचं आणि सोबत थांबू देण्याची परवानगी मिळवायची. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासोबतचा माणूस भेटीला आलेला नातेवाईक नसतो, त्या रुग्णाचं बोलणंच त्याच्यामार्फत होतं. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याने जून 2020 मध्ये नियम बदलून अशा सोबतीला वाट करून दिली.

औषधांबद्दल थोडक्यात. फिट्सचा त्रास या लोकांत इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि फिट्सच्या गोळ्या अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रत्येक घरात काही आठवड्यांचा साठा, आणि आणून देणारा एक सभासद. उपवासात गोळी चुकवायची नाही. हे व्यासपीठावरून सांगितलं गेलं तर आया ऐकतील, डॉक्टरांनी सांगितलं तर कदाचित नाही. मास्कची सवयही आत्ताच लावा. आधी हातात, मग त्याच्या आवडत्या गाण्यापुरता तोंडावर, मग हळूहळू जास्त वेळ. ज्याला स्वतःहून मास्क काढता येत नाही त्याला तो घालायचाच नाही.

आणखी एक विषय आहे. तो बैठकीत काढला की चेहरे उतरतात, तरी काढा. मंडळाचे लोक एकेकट्याने फोन करणार, घरी येणार, माणसाला घरी नेणार, तर विश्वासासोबत नियमही हवेत. फ्रान्समध्ये 1964 साली जाँ व्हानिये यांनी ‘लार्श’ची सुरुवात केली. बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली माणसं एकाच घरात राहतात, ही त्यामागची कल्पना. आज अनेक देशांत अशी घरं आहेत आणि त्यांनी खरोखर मोठं काम केलं आहे. व्हानियेंना लोक संत मानायचे. 2019 साली ते वारले आणि फेब्रुवारी 2020 मध्ये संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीत निघालं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या. पण अहवाल वाचल्यावर प्रश्न उरतोच: बोलता येणाऱ्या स्त्रियांचं म्हणणं बाहेर यायला इतकी वर्षं लागली, तर ज्याला सांगताच येत नाही त्याचं काय? म्हणून फोन स्पीकरवर, भेटीला दोघं, घराचं दार उघडं, आणि तक्रार करायला मंडळाबाहेरचा एक माणूस. काकांनाही हेच नियम. ते रागावणार नाहीत. रागावले, तर तेही कळलेलं बरं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. मंडळाशी बांधून ठेवणं बरोबर का? बांधून ठेवणं कधीच बरोबर नाही. पण तुम्ही विचारताय त्यात दोन राग मिसळलेत, एक तुमचा आणि एक, असलाच तर, त्याचा. तुमचा राग रास्त आहे. तो बैठकीत बोला, आवाज न चढवता, आणि उदाहरण देऊन: ‘पुस्तकं टेबलावर ठेवलीत तेव्हा माझ्या भावाची नोकरी गेली, आणि कुणी त्याला सांगितलंही नाही.’ यापेक्षा जास्त बोलायची गरज पडणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं 11वं कलम आपत्तीत संरक्षण द्या म्हणतं, आणि 30वं कलम सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभाग. ते बैठकीत वाचून दाखवलंत तर लोक माना डोलावतील. पाटीबद्दल बोललात तर खाली बघतील. मला दुसरं जास्त उपयोगाचं वाटतं.

भावाला काय हवं ते मात्र त्यालाच विचारा. ‘तुला मंडळात जायचंय का?’ असं नको, बहुतेक ‘हो’ येईल, कारण तुम्ही विचारलंय. फोटो मांडा: काका, दार, पुस्तकं, गर्दी, घर. कशाला हात लावतो, कशाला बाजूला सारतो ते दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बघा. पुस्तकं आणि काका हवेत पण गर्दी नको, असं निघू शकतं. मग अर्धा तास आधी न्या, खोली रिकामी असताना, काकांसोबत. टेबलावरची पाटी काढून टाकायला लावा आणि पुस्तकं पुन्हा त्याच्या हातात द्या. पुढच्या साथीत पुस्तकं हातोहात देता येणार नाहीत, तेव्हा त्याचं काम काय असेल, हेही आत्ताच ठरवा आणि आराखड्यात त्याच्या नावापुढे लिहा. त्या समितीच्या बैठकीला तो स्वतः असू दे. दहा मिनिटं बसला तरी चालेल. त्याच्याविषयी बोलताना लोकांची भाषा सुधारते.

इतकं करूनही मंडळ जागचं हललं नाही, तर सोडा. काका मंडळाबाहेरही काकाच राहतील.

एक गोष्ट सगळ्यात शेवटी लिहितेय, पण करायची सगळ्यात आधी. तो वर्षभर गप्प आहे, टाळाटाळ करतो, हे सगळं मंडळामुळेच आहे असं धरून चालू नका. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं हे सगळं नेहमीपेक्षा जास्त आढळतं, आणि यातलं प्रत्येक कारण माणसाला असंच गप्प करू शकतं. नैराश्यही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. स्मृतिभ्रंश या लोकांत इतरांपेक्षा लवकर येतो हे खरं, पण 34व्या वर्षी कुणी तेवढ्यावरच बोट ठेवलं तर आधी बाकीचं सगळं तपासायला सांगा. बैठक होईल तेव्हा होईल. थायरॉइडची रक्ततपासणी आणि कान-डोळ्यांची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.